हेलिओस 44-2: उपवनच्या झाडांत खुलणारी, ठाण्याच्या दमट हवेत जपावी लागणारी लेन्स

उपवन तलावाच्या काठावर संध्याकाळी सूर्य येऊरच्या डोंगराकडे कलला की झाडांच्या पानांतून उजेडाचे बारीक कवडसे दिसू लागतात. माणूस लेन्सपासून दीड-दोन मीटरवर उभा करा, ती झाडं त्याच्यामागे सहा-आठ मीटरवर येऊ द्या आणि ॲपर्चर एफ/2 वर पूर्ण उघडं ठेवा. मागचे सगळे कवडसे चेहऱ्याभोवती भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. हेलिओस 44-2, ही जुनी सोव्हिएत 58 मिमी एफ/2 लेन्स, घ्यायची ती यासाठीच. नुसती धारदार 50 मिमी लेन्स हवी असेल तर आजच्या साध्या ऑटोफोकस लेन्सही हिच्यापेक्षा सरस आहेत, आणि त्या घ्याव्यात.

हा भोवरा कशामुळे येतो ते कळलं की तो हवा तेव्हा आणता येतो. फ्रेमच्या कडेला जाणारा प्रकाश लेन्समध्ये तिरका शिरतो. एफ/2 वर पुढच्या आणि मागच्या काचांच्या कडा तो दोन्ही बाजूंनी थोडा कापतात. त्यामुळे मधले ठिपके गोल उमटतात, कडेचे मात्र करंजीच्या आकाराचे होतात, आणि प्रत्येक करंजी मध्यबिंदूभोवतीच्या वर्तुळात आडवी बसते. फोकसचं प्रतल सपाट नसून वक्र असल्याने कडेची पानं आणखी ताणली जातात. एफ/4 ला ॲपर्चरच्या पात्यांचं भोक इतकं लहान होतं की कडा त्याला कापू शकत नाहीत, आणि भोवरा जवळजवळ नाहीसा होतो. मागे कोरी भिंत किंवा नुसतं आकाश असेल तर फिरायला ठिपकेच नसतात. तलावपाळीला गडकरी रंगायतनच्या बाजूने रात्री फोटो काढले तर दिव्यांचे मोठे ठिपके छान येतात, पण ते विरळ असल्याने उपवनसारखा दाट भोवरा होत नाही.

एपीएस-सी, म्हणजे फिल्मएवढ्या फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर फ्रेमची कडच कापली जाते, म्हणून तिथे निम्मी मजा जाते. लेन्स तिथे 87 मिमीच्या तोडीची होते. चेहऱ्यांसाठी ते चांगलंच, फक्त भोवऱ्याची आशा कमी ठेवायची. फुलफ्रेम बॉडीवर किंवा फोकल रिड्यूसर (लेन्सचं चित्र आकसून लहान सेन्सरवर बसवणारा काचेचा ॲडॉप्टर) लावूनच ही लेन्स पूर्ण कळते.

मूळ रचना जर्मनीतल्या कार्ल झाइस येनाच्या बायोटार 58 मिमी एफ/2 ची. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी ती उचलली आणि झेनिट कॅमेऱ्यांसोबत प्रचंड संख्येने बनवली. चार गटांत सहा काचा, आठ पात्या, 0.5 मीटरपर्यंत जवळचा फोकस, 49 मिमीचा फिल्टर. 44 एम-4 सारख्या पुढच्या आवृत्त्यांत पात्या सहाच आहेत आणि फिल्टर 52 मिमीचा लागतो. नंतरच्या काही आवृत्त्यांवर मल्टिकोटिंग आहे, त्या उन्हात जास्त कॉन्ट्रास्ट देतात. तरीही 44-2 घ्यावी असंच आमचं मत आहे, आणि ते हिच्या प्रीसेट ॲपर्चरमुळे. हिला दोन कडी असतात. एकावर टकटक करत एफ/5.6 ची मर्यादा ठरवायची, दुसरं अजिबात अडखळत नाही, ते एफ/2 आणि त्या मर्यादेमध्ये मोकळं फिरतं. मर्यादा एफ/16 वर ठेवली तर व्हिडिओसाठी आवाज न करणारं ॲपर्चर आयतंच हाती येतं. शिवाय कॅमेऱ्याने दाबायची पिन हिच्यात नाही, त्यामुळे लेन्स आजच्या बॉडीवर बसवणारा ॲडॉप्टर निवडताना तिची भानगड उरत नाही.

आता खरेदी. इथे नाव नाही, समोरचा नग विकत घ्यायचा असतो. एकाच वर्षाच्या दोन हेलिओस शेजारी ठेवल्या तरी एक उत्तम आणि दुसरी टाकाऊ निघू शकते. ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटीला उतरून फोर्टच्या बोरा बाजारात जुनी लेन्स हातात घेऊन बघता येते, आणि हा फायदा ऑनलाइन फोटोवर मिळत नाही. सोबत मोबाइलचा टॉर्च, स्वतःची बॉडी आणि ॲडॉप्टर असावा. लेन्सवरच्या अनुक्रमांकातले पहिले दोन आकडे बऱ्याच लेन्सवर बनावटीचं साल सांगतात, पण साल बघून भाव ठरवू नये.

लेन्स एफ/2 वर उघडा, टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून पाहा. धुळीचे पाच-पंचवीस कण फोटोत येत नाहीत, ते सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे फाटे दिसले तर ती बुरशी. काचेवर दुधाळ पडदा दिसला तर तो ग्रीसच्या वाफेचा किंवा ओलाव्याचा, आणि तो कॉन्ट्रास्ट पार मारतो. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखं कडं दिसलं तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्या आहेत. ती लेन्स ठेवून द्या, दुरुस्तीचा खर्च दुसऱ्या नगापेक्षा जास्त होतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा चालत नाही, कारण तो सेन्सरच्या जवळ असतो.

फोकसचं कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ते सगळीकडे सारखं जड असेल तर ग्रीस वाळलंय, ते बदलता येतं. मध्येच एका ठिकाणी अडकत असेल तर आटे दुखावलेत किंवा लेन्स पडलेली आहे. पुढचा भाग दोन बोटांत धरून हलवा. डुगडुगला तर फोकस कधीच जागेवर बसणार नाही. पात्यांवर तेल दिसलं तर या प्रीसेट लेन्समध्ये लगेच काही अडत नाही, कारण पात्या झटक्यात बंद व्हायच्याच नसतात. पण उन्हाळ्यात तेच तेल उडून काचेवर बसतं, म्हणून भाव करताना ते मोजावं. शेवटी एफ/5.6 वर एक सपाट भिंत सरळ समोरून टिपा आणि चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर कोणीतरी काचा उघडून वाकड्या बसवल्या आहेत. कॅमेरा भिंतीला तिरका नव्हता ना, एवढं मात्र आधी तपासा.

माउंट एम42 आहे, म्हणजे 42 मिमी व्यासाचा आणि 1 मिमी अंतराच्या आट्यांचा. लेन्स बसण्याच्या जागेपासून फिल्मपर्यंतचं अंतर 45.46 मिमी. सोनी ई माउंटचं 18, निकॉन झेडचं 16, कॅनन आरएफचं 20 आणि फुजी एक्सचं 17.7 मिमी, त्यामुळे या सगळ्यांवर साधा, काच नसलेला ॲडॉप्टर चालतो. निकॉनच्या जुन्या एफ माउंट डीएसएलआरवर मात्र हे अंतर 46.5 मिमी असल्याने साध्या ॲडॉप्टरने अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या गोष्टींवर, फोकस होत नाही. मध्ये काच असलेला ॲडॉप्टर लावला तर अनंत मिळतं, पण चित्र मऊ पडतं. एफ माउंट डीएसएलआरसाठी ही लेन्स घेऊ नये.

ॲडॉप्टरची जाडी किंचित कमी असेल तर फोकस अनंताच्या थोडा पुढे जातो, त्याचं फारसं बिघडत नाही. जाडी जास्त असेल तर दूरचं कधीच स्वच्छ येणार नाही. तपासायला उपवनच्या काठावरून समोरचा येऊरचा डोंगर बरा, नाहीतर पाम बीच रोडवरून दूरच्या इमारती. दूरचा भाग दहापट मोठा करून बघा. ॲडॉप्टर बरोबर असूनही अनंताची खूण चुकत असेल तर फोकसच्या कड्याच्या परिघावरचे तीन बारीक स्क्रू सैल करून कडं योग्य जागी आणता येतं. स्क्रू फार लहान असतात, बरोबर मापाचा पेचकस नसेल तर त्यांची डोकी खराब होतात.

बॉडीवर आधी 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं. नाहीतर बटण दाबूनही काही होत नाही, आणि लेन्स बिघडली असं वाटतं. बॉडीत स्थिरीकरण असेल तर फोकल लांबी 58 किंवा यादीतला सर्वात जवळचा आकडा हाताने भरा. आधीच्या लेन्सचा 200 सारखा आकडा तिथे राहिला तर सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलतो आणि चित्र उलट पुसट येतं. ए मोडमध्ये एक्स्पोजर नीट मिळतं, फोटोच्या नोंदीत ॲपर्चर मात्र येत नाही.

दुपारी हिशेब बदलतो. कडक उन्हात आयएसओ 100 ला एफ/16 वर साधारण 1/100 सेकंदाचा शटर लागतो. एफ/2 त्यापेक्षा सहा स्टॉप उघडं (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे 1/6400. ज्या बॉडीचं यांत्रिक शटर 1/4000 लाच थांबतं, तिथे फोटो गरजेपेक्षा उजळ येणार. 49 मिमीचा एनडी8 फिल्टर (प्रकाश कमी करणारी गडद काच) तीन स्टॉप कापतो आणि शटर 1/800 वर येतं. लेन्सबरोबर तो आणि एक हूड (तिरकं ऊन अडवणारी लेन्सपुढची नळी) घ्यायलाच हवा. जुन्या साध्या कोटिंगमुळे सूर्य फ्रेमच्या जवळ आला की चित्रावर पांढुरकी छटा पसरते. काही वेळा ती हवीहवीशी असते, पण ती कधी यावी हे छायाचित्रकाराने ठरवावं, आणि ते हूडशिवाय जमत नाही.

एफ/2 वर फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) भरवसा ठेवू नये. या ॲपर्चरला हिच्या चित्रात एक हलकी आभा असते, त्यामुळे पीकिंगचा रंग नाकापासून कानापर्यंत पसरतो आणि डोळा नेमका निसटतो. फुलफ्रेमवर दोन मीटरवर धारदार पट्टा साधारण 14 सेंटिमीटरचा, दीड मीटरवर 8 सेंटिमीटरचा, आणि अर्ध्या मीटरवर तर जेमतेम 8 मिलिमीटरचा असतो. म्हणून डोळ्यावर चित्र मोठं करूनच कडं फिरवायचं, आणि अर्ध्या मीटरवर कडं स्थिर ठेवून स्वतः किंचित पुढे-मागे झुकायचं. एफ/2.8 वर फोटो काढायचा असेल तर फोकसही एफ/2.8 वरच करा. ॲपर्चर बदलल्यावर फोकसची जागा थोडी सरकते. मधला भाग एफ/2.8 ते एफ/4 ला खूपच धारदार होतो, कोपऱ्यांना एफ/8 लागतो.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत ढोल-ताशाच्या पथकासमोर चित्र मोठं करून बघायला वेळ नसतो. तिथे एफ/8, कडं 4 मीटरवर, शटर 1/500, आयएसओ आपोआप. साधारण 3.1 ते 5.6 मीटरमधलं सगळं स्वच्छ येतं. पथक त्या पट्ट्यात येऊ द्यायचं आणि कड्याला हात लावायचा नाही. ऑटोफोकस नसल्याची उणीव या एका कामात अजिबात जाणवत नाही. सीवूड्सच्या फ्लेमिंगोंसाठी मात्र ही लेन्स बाहेर काढू नका, 58 मिमीत ते गुलाबी ठिपके होऊन राहतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खाडी आणि पाऊस यांच्या मधे राहणाऱ्यांना बुरशीचं गांभीर्य वेगळं सांगायला नको, तरी लेन्स कपाटातच ठेवली जाते. बुरशीला 60 टक्क्यांच्या वर आर्द्रता, अंधार आणि साचलेली हवा पुरते, आणि जूनपासून आपल्या घरांत हे तिन्ही असतं. ती काचेवर आम्ल सोडते, त्यामुळे उशीर झाला तर बुरशी पुसली तरी तिचा माग कोटिंगवर कायमचा राहतो. जुनी लेन्स मूळ चामड्याच्या डब्यासकट मिळाली तर डबा वेगळा ठेवा, तो ओलावा धरून ठेवतो. ड्राय कॅबिनेट (आर्द्रता कमी ठेवणारं विजेचं कपाट) परवडत असेल तर ते 40 ते 50 टक्क्यांवर लावा. नसेल तर रबरी कडा असलेला हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर तास-दोन तास वाळवले की पुन्हा कामाला येतात. डबा घेतला आणि मापक घेतला नाही तर आत काय चाललंय ते कळतच नाही. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना लेन्स अर्धा तास बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर आतूनही बाष्प धरतं.

शेजारच्या पर्यायांत सुपर टाकुमार 55 मिमी एफ/1.8 जास्त नेटकी, जास्त शांत आणि फिरवायला कितीतरी मुलायम आहे. रोज वापरायला एकच जुनी लेन्स हवी असेल तर ती घ्यावी. निकॉनची एआय-एस 50 मिमी एफ/1.8 धारदार आहे, पण मागची पानं ती सरळसाधी पुसते.

फोकस जड झाला असेल तर कड्यावर कुठलंही फवारणीचं तेल मारू नका. ते दोन दिवस छान फिरवतं आणि मग पात्यांवर, काचांवर उतरतं. ग्रीस बदलायला देताना कारागिराला दोन गोष्टी आधीच सांगा. वाहनांचं ग्रीस नको, ते उन्हात पातळ होऊन झिरपतं. आणि फोकसचे आटे अनेक तोंडांचे असतात, म्हणजे अनेक जागांतून एकमेकांत शिरू शकतात, त्यामुळे ते ज्या जागी सुटतील तिथे उघडतानाच खूण करून ठेवायची. चुकीच्या तोंडातून परत बसवले तर लेन्स लोण्यासारखी फिरेल, पण येऊरचा डोंगर काही स्वच्छ दिसणार नाही. म्हणून परत घेताना दुकानातच बॉडी लावा आणि दारातून रस्त्याच्या टोकाची पाटी वाचता येते का ते बघा.