‘ओरिजनल’ बॅटरी सांगून काय बसवलं ते वाचा

आईचा टॅब तीन वर्षांचा. संध्याकाळी कीर्तन आणि रात्री कॅनडातल्या भावाशी व्हिडिओ कॉल, एवढाच वापर. दिवाळीनंतर तो दोन-अडीच तासांतच मान टाकायला लागला, म्हणून मी साताऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदाराने मीटर लावल्यासारखं केलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, “ताई, बॅटरी पार गेलीय. उद्या फुगली तर स्क्रीन उचलेल. कंपनीची ओरिजनल टाकून देतो, अडीच हजार. सहा महिने वॉरंटी.” वर ‘कॅलिब्रेशन’चे तीनशे. टॅब पडद्यामागे गेला. तासाभराने मिळाला तेव्हा हातात एक चिठ्ठी होती: ‘टॅब रिपेअर २८००’. बस्स. बॅटरीचा उल्लेख नाही, दुकानाचा शिक्का नाही. जुनी बॅटरी मी मागितली नाही आणि त्यानेही दिली नाही.

पहिला आठवडा बरा गेला. मग आकडा उड्या मारायला लागला. ४० टक्के दिसायचे आणि बघता बघता १२. ते कॅलिब्रेशन म्हणजे त्याने टाकून दिलेलं एक ‘बॅटरी सेव्हर’ ॲप होतं, सतत जाहिराती दाखवणारं. कॅलिब्रेशनने फार तर टक्क्यांचा आकडा बरोबर दिसायला लागतो, बॅटरीची ताकद एका थेंबानेही वाढत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

तिसऱ्या महिन्यात एके सकाळी टॅब टेबलावर ठेवला तर तो डुगडुगायला लागला. पाठ सपाटच राहिली नव्हती. स्क्रीनच्या एका कडेला फट पडली होती, त्यात माझं नख सहज गेलं. आदल्या रात्री आई हाच टॅब पांघरुणावर ठेवून भावाशी बोलत होती. तो विचार मनात आला की आजही हातपाय गार पडतात.

टॅब बंद करून पुण्याला एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडे नेला. त्याने माझ्या समोर उघडला. बॅटरी टम्म फुगली होती. लिथियमच्या बॅटरीत आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. अशा बॅटरीला टोचायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा चार्जिंगला तर अजिबात लावायचं नाही. ती बाहेर काढल्यावर त्याने वरच्या स्टिकरचा कोपरा अलगद सोलला. वर छापलं होतं ७,०४० मिलीअँपिअर-तास. खाली दुसरं स्टिकर होतं, त्यावर ४,०००. टक्के का उडत होते ते तिथेच कळलं: टॅब मोठ्या बॅटरीचा हिशोब करत होता आणि आत होती लहान. आपल्याकडे अशा बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. वरच्या स्टिकरवर तो होता. ब्युरोच्याच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहिला, तर अशी नोंदच सापडली नाही.

मग त्याने विचारलं, “जुनी कुठेय? कदाचित ती अजून वर्षभर चालली असती.” आईच्या सवयी ऐकल्यावर त्याने जुनी बॅटरी लवकर का उतरत होती त्याचं कारण सांगितलं. टॅब रात्रभर चार्जरला असायचा आणि दिवसा देवघराच्या खिडकीत, दुपारच्या उन्हात. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी खातात, उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर राहणं. दोन्ही रोज होत होतं. बऱ्याच टॅबमध्ये ८० किंवा ८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सेटिंगमध्येच असते, आईच्या टॅबमध्येही होती, आम्ही कधी उघडून पाहिली नव्हती. शिवाय कोणतं ॲप किती बॅटरी खातंय तेही तिथेच दिसतं. एक बातम्यांचं ॲप दिवसभर मागे चालू होतं. स्क्रीनचा उजेड कायम पूर्ण. दुकानात जायच्या आधी एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

मी त्या दुकानात परत गेले. त्याने शांतपणे विचारलं, “पावतीवर बॅटरी लिहिलीय का?”

म्हणून कळवळून सांगते: बॅटरी खरंच बदलायची असेल तर टॅब डोळ्यांसमोर उघडायला सांगा, जुनी परत घ्या, नव्या बॅटरीचा फोटो बसवण्याआधी काढा, आणि बिलावर बॅटरीचा क्रमांक व वॉरंटी लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर उठून या.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा तिथेही जाणार. फुगलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या डब्यात घालून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. दोन्ही स्टिकर मात्र सोलून माझ्याकडे ठेवली आहेत.