जीजेएस आणि ग्नोम शेल एक्सटेन्शन: काही महिने रोज वापरल्यावर

नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या हवेवर चालणाऱ्या लॅपटॉपचा प्रोसेसर किती तापलाय, हे वरच्या पट्टीत सतत दाखवणारं एक्सटेन्शन, म्हणजे डेस्कटॉपला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, एवढंच काम होतं. मशीनवर उबुंटू २४.०४ लिनक्स, म्हणजे डेस्कटॉप ग्नोम ४६; त्याची पट्टी आणि खिडक्या सांभाळतो तो ग्नोम शेल. एक्सटेन्शन जीजेएसमध्ये, म्हणजे ग्नोमच्या जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, त्यामुळे जावास्क्रिप्ट येत असेल तर सुरुवात सोपी आहे. 'ग्नोम-एक्सटेन्शन्स क्रिएट' कमांड सांगाडा तयार करून देते. तापमान थर्मल झोनच्या (लिनक्समधल्या तापमान सेन्सरच्या) 'टेम्प' फाइलमधून वाचायचं. तिथला ५८००० म्हणजे ५८ अंश. झोन ० हा प्रोसेसरचाच असेल असं गृहीत धरू नका, शेजारच्या 'टाइप' फाइलमध्ये नाव बघा. आकडा दाखवणाऱ्या लेबलला उभ्या दिशेनं सेंटर अलाइन केलं नाही तर आकडा पट्टीच्या वरच्या कडेला चिकटतो.

खरी गोम पुढे आहे. एक्सटेन्शनचा कोड शेलच्याच प्रोसेसमध्ये चालतो. म्हणून पट्टी, खिडक्या, ओव्हरव्ह्यू सगळ्याला हात घालता येतो, आणि म्हणूनच सिंक्रोनस, म्हणजे पूर्ण होईपर्यंत बाकी सगळं थांबवणाऱ्या वाचनात जरा वेळ गेला की अख्खा डेस्कटॉप अडकतो. फाइल असिंक पद्धतीनंच वाचा.

सगळ्यात छळतो तो ठरावीक वेळाने आकडा ताजा करणारा टायमर. स्क्रीन लॉक झाली की शेल एक्सटेन्शन 'डिसेबल' करतं आणि अनलॉकला पुन्हा 'इनेबल'. डिसेबलमध्ये लेबल काढलं पण जीलिबचा (ग्नोमच्या मूळ लायब्ररीचा) टायमर तसाच राहिला, तर लॉक असेपर्यंत लॉगमध्ये एरर पडतात. अनलॉक होताच नवं लेबल त्याच व्हेरिएबलमध्ये येतं, जुना टायमर गुपचूप त्यावरच लिहू लागतो आणि एरर थांबतात. दिसायला सगळं ठीक! पण दर लॉकगणिक एक टायमर वाढत जातो. टायमरचा आयडी जपून ठेवा आणि डिसेबलमध्ये 'सोर्स रिमूव्ह' कराच. जोडलेल्या सिग्नलचंही (काही घडलं की मिळणाऱ्या सूचनांचंही) तेच.

वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर, चालू सेशनमध्ये शेल रीस्टार्ट होत नाही, आणि एक्सटेन्शन बंद-चालू केल्यानं बदललेला कोड लोड होत नाही, कारण मॉड्यूल मेमरीत राहतं. दरवेळी लॉगआउट करत बसण्यापेक्षा नेस्टेड शेल, म्हणजे खिडकीत चालणारा दुसरा शेल, उघडा. ग्नोम ४९ पासून त्याजागी 'डेव्हकिट' पर्याय आहे. एरर दिसायला बाजूच्या टर्मिनलमध्ये जर्नल (सिस्टिमचा लॉग) चालू ठेवा. लुकिंग ग्लास हा शेलमधलाच डीबगर फक्त विजेट (पडद्यावरचे घटक) शोधायला बरा.

एक्सटेन्शनच्या प्रेफरन्सेसची खिडकी वेगळ्या प्रोसेसमध्ये जीटीके ४ या खिडक्या बनवायच्या लायब्ररीवर चालते. तिथे एसटी, क्लटर या शेलच्या लायब्ररी इम्पोर्ट केल्या की खिडकी उघडतच नाही.

तक्रार एकच, पण मोठी: दर सहा महिन्यांनी ग्नोमची नवी आवृत्ती येते आणि काहीतरी मोडतं. ४५ मध्ये इम्पोर्टची पद्धतच बदलली, ४६ मध्ये विजेट जोडायचं 'ॲड ॲक्टर' गेलं, ४८ मध्ये बॉक्स लेआउटचं 'व्हर्टिकल' डेप्रिकेट (पुढे काढून टाकण्याच्या यादीत) झालं. एक्सटेन्शनच्या मेटाडेटा फाइलमध्ये नुसता नवा आवृत्ती क्रमांक टाकून भागत नाही. ऑफिसच्या मशीन उबुंटूच्या एलटीएसवर (अनेक वर्षं तीच ग्नोम आवृत्ती ठेवणाऱ्या रिलीजवर) असतील तर बिनधास्त वापरा. नवं ग्नोम लगेच देणाऱ्या फेडोरा लिनक्ससोबत पळायचं असेल तर दर रिलीजला एक संध्याकाळ राखून ठेवा.