फॅट३२ वरून एनटीएफएसवर गेल्यानंतर न हटणाऱ्या फाइली : ‘टेकओन’ आणि ‘आयकॅक्ल्स’ वापरून पाहिल्यावर

फॅट३२ आणि एनटीएफएस या फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धती. फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही, या एकाच अडचणीमुळे मी माझी जुनी बाह्य डिस्क विंडोजच्या ‘कन्व्हर्ट’ कमांडने एनटीएफएसवर नेली. डिस्क फॉरमॅट करावी लागली नाही आणि आतला सगळा डेटा जागच्या जागी राहिला. पुढे काही महिन्यांनी संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली, आणि त्या डिस्कवरचे तीन जुने फोल्डर काढून टाकायला गेलो तेव्हा प्रत्येक वेळी परवानगी नाकारल्याचा संदेश येऊ लागला. डिस्क माझी, संगणक माझा, खातेही प्रशासकाचे. तरीही फोल्डर हलेना. त्या निमित्ताने विंडोजमध्येच असलेल्या ‘टेकओन’ (takeown) आणि ‘आयकॅक्ल्स’ (icacls) या दोन कमांड मी नीट अभ्यासून वापरल्या, आणि हा अभिप्राय प्रामुख्याने त्यांच्याविषयी आहे.

आधी फाइल का हटत नाही हे समजून घेतले पाहिजे, कारण त्यावरच साधनाची निवड ठरते. फॅट३२ वर फाइलीला मालक नसतो. ‘केवळ वाचनासाठी’, ‘लपवलेली’, ‘सिस्टीम’ अशा मोजक्या खुणा सोडल्या तर डिस्क ज्याच्या हातात, त्याला सगळे काही करता येते. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत आलेल्या एनटीएफएसमध्ये मात्र प्रत्येक फाइलीला मालक असतो आणि कोणाला काय करता येईल याची यादीही असते. ही यादी माणसाचे नाव साठवत नाही. ती खात्याचा एक लांबलचक ओळख-क्रमांक साठवते. ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकली की त्याच नावाचे खातेसुद्धा नव्या क्रमांकाने जन्माला येते, आणि जुना क्रमांक कोणाचा हे संगणकाला सांगता येत नाही. फोल्डरच्या गुणधर्मांतील सुरक्षेच्या पानावर नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी अंकांची माळ दिसली, तर दुखणे हेच आहे असे समजायला हरकत नाही.

‘टेकओन’ ही कमांड विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये असते आणि ती एकच काम करते : मालकी आपल्याकडे घेते. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहून चालवण्याची काळी खिडकी, प्रशासक म्हणून उघडून ‘/एफ’पुढे फोल्डरचा मार्ग द्यायचा आणि आतल्या सगळ्या फोल्डरांसाठी ‘/आर’ जोडायचे. ज्या फोल्डरची यादी वाचण्याचीही मुभा नसते तिथे ती थांबून प्रश्न विचारते. ‘/डी वाय’ लिहिले तर त्या प्रश्नांचे होकारार्थी उत्तर आधीच दिले जाते. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी की होकाराचे अक्षर विंडोजच्या भाषेप्रमाणे बदलते, त्यामुळे इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या विंडोजवर ‘वाय’ चालेलच असे नाही. ‘/ए’ दिले तर मालकी एकट्या खात्याऐवजी प्रशासकांच्या गटाकडे जाते, आणि अनेक जण वापरत असलेल्या संगणकावर मला तेच अधिक योग्य वाटते.

पुष्कळ जण इथेच थांबतात आणि कमांड निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. मालक होणे म्हणजे हटवण्याचा हक्क मिळणे नव्हे. मालकाला परवानग्यांची यादी बदलण्याचा हक्क मिळतो, एवढेच. प्रत्यक्ष यादी बदलायचे काम ‘आयकॅक्ल्स’ करते. ‘/ग्रँट’ने प्रशासकांच्या गटाला पूर्ण हक्क देता येतात, ‘/टी’ने ते आतल्या सर्व फाइलींपर्यंत पोचतात, आणि ‘/सी’ दिले असेल तर एखाद्या फाइलीशी अडखळूनही काम पुढे चालू राहते. माझे तीनही फोल्डर या जोडीने, कोणतीही बाहेरची वस्तू न उतरवता, हटले. ‘आयकॅक्ल्स’चा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे ‘/सेव्ह’ : जुन्या परवानग्या एका फाइलीत साठवून ठेवता येतात आणि चूक झाली तर ‘/रिस्टोर’ने परत आणता येतात. एवढी काळजी घेणारे साधन फुकट आणि हाताशी असताना ते फारसे वापरले जात नाही, याची मला खंत वाटते.

मात्र ही जोडी संपूर्ण सी ड्राइव्हवर किंवा विंडोजच्या फोल्डरवर कधीही चालवू नये. तिथल्या पुष्कळ फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच अंतर्गत सेवेकडे मुद्दाम ठेवलेली असते, आणि ती उखडली तर यंत्रणेचे संरक्षणच जाते.

परवानगी हे कारण नसेल तर या दोन्ही कमांडचा काही उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे असा संदेश आला, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातील ‘फाइल लॉकस्मिथ’ कोणत्या प्रक्रियेने ती धरून ठेवली आहे ते नावासह दाखवते. हे साधन विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे, आणि त्याचा निकाल वाचायला सोपा आहे. संगणक चालू असेपर्यंत न सुटणाऱ्या फाइलीसाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स साधनसंचातील ‘मूव्हफाइल’ चांगले : नव्या ठिकाणाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हे दिली की पुढच्या वेळी संगणक सुरू होताना ती फाइल काढून टाकली जाते.

तिसरा प्रकार नावाचा आहे, आणि तो मला सर्वांत फसवा वाटतो. फाइल समोर दिसते, पण हटवू लागले की ती सापडत नाही असे उत्तर येते. नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा असेल, किंवा नाव ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ यांसारखे राखीव असेल, तर विंडोज ते नाव आपल्या नियमाने बदलून शोधते आणि चुकते. अन्य ऑपरेटिंग सिस्टीमवरून आलेल्या फाइलींत अशी नावे आढळतात आणि रूपांतरानंतरही ती तशीच राहतात. पूर्ण मार्गाच्या आधी दोन उलटे तिरपे दंड, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटा दंड लिहिला, तर विंडोज नावाला हात न लावता ते जसेच्या तसे स्वीकारते आणि फाइलीसाठी साधी ‘डेल’ किंवा फोल्डरसाठी ‘आरडी’ कमांड पुरते. २६० अक्षरांच्या मर्यादेबाहेर गेलेल्या खोल मार्गांनाही हाच उपाय लागू पडतो.

यापूर्वी मी एका क्लिकमध्ये काहीही हटवून देण्याचे आश्वासन देणारा एक फुकट प्रोग्रॅम वापरून पाहिला होता. प्रत्येक फाइल कोणीतरी धरून ठेवली आहे असेच तो गृहीत धरत होता, त्यामुळे मालकीच्या अडचणीवर त्याच्याकडे उत्तर नव्हते. शिवाय त्याने स्थापनेच्या वेळी न मागितलेली आणखी एक वस्तू संगणकात आणून ठेवली. तो मी काढून टाकला.

रूपांतर करणार असाल तर आधी डिस्कवरच्या चुका तपासून दुरुस्त करणारी ‘चेकडिस्क’ (chkdsk) ‘/एफ’सह चालवा आणि नको असलेल्या फाइली फॅट३२ वर असतानाच हटवा, तिथे मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘कन्व्हर्ट’ एकाच दिशेने चालते, परत फॅट३२ वर यायचे तर फॉरमॅटच करावे लागते. मॅकवर एनटीएफएस डिस्क मुळात केवळ वाचता येते, म्हणून तिथे फाइल न हटण्याचे कारण परवानग्यांत शोधू नये.

मालकीच्या अडचणीसाठी ‘टेकओन’ आणि ‘आयकॅक्ल्स’ यांची मी निःसंकोच शिफारस करतो. त्यांची उणीव एवढीच, की दोन्ही काळ्या खिडकीत लिहून चालवाव्या लागतात आणि मार्ग लिहिताना एक अक्षर चुकले तर भलत्याच फोल्डरची मालकी बदलते. म्हणून मार्ग हाताने लिहू नये. फोल्डरचा पूर्ण मार्ग कॉपी करून त्या खिडकीत चिकटवावा, आणि तो एकदा वाचून मगच एंटर दाबावे.