फेनॉम 300: पायलटच्या खुर्चीतून

आठ वर्षं एअरलाइनमध्ये काढली, आता तीन वर्षं एम्ब्राएर कंपनीचं हे छोटं खासगी जेट उडवतोय. विमान झकास! 45,000 फुटांपर्यंत जातं, म्हणजे बहुतेक प्रवासी विमानांच्याही वर. वर्दळ खाली राहते. धावपट्टी लहान असली तरी चालते, त्यामुळे मोठी विमानं फिरकतही नाहीत अशा विमानतळांवर उतरायला मिळतं. मला खरी ओढ त्याचीच. एअरलाइनमध्ये तेच ते मार्ग. इथे उद्या कुठे जायचं ते कधीकधी आज रात्री कळतं. (बायकोला यात काही गंमत वाटत नाही.)

पण उडवणं हे निम्मंच काम. बॅगा आपणच चढवायच्या, कॉफी-बर्फ बघायचा, उतरल्यावर केबिन झाडायची. कॅप्टनच्या चार पट्ट्यांचा तोरा पहिल्याच आठवड्यात उतरला. एकदा विमानाच्या मालकांची मीटिंग इतकी लांबली, की लाउंजमध्ये ताटकळत माझी नियमाने ठरलेली ड्यूटीची वेळच संपली. उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. मालक फुगले, मी मात्र निवांत झोपलो.

विमानाबद्दल तक्रार एकच: कॉकपिट अरुंद आहे. सहा फुटांच्या माणसाने गुडघे आधी आत घालावेत, मग उरलेलं अंग.