लिब्रेऑफिस रायटरच्या रेघा आणि बॉर्डर: ऑफिसच्या कामाला मस्त, बायोडाटाला नाही

वर्डवर हात बसलेला माणूस लिब्रेऑफिसवर (फुकट मिळणारं ऑफिस सॉफ्टवेअर, रायटर म्हणजे त्यातला वर्डचा जोडीदार) आला की पहिली बोंब बॉर्डरवरून मारतो, म्हणून बाकी सगळं सोडून आज फक्त रेघा आणि चौकटींबद्दल.

आधी ती तीन डॅशची भानगड. तीन डॅश टाईप करून एंटर मारलं की आडवी रेघ येते, वर्डमध्येही आणि रायटरमध्येही, आणि मग ती पुसायची कशी म्हणून लोक वैतागतात, कारण माऊसने ती धरताच येत नाही. येणार कशी, ती वरच्या पॅराग्राफची खालची बॉर्डर असते ना. रायटरमध्ये त्या वरच्या पॅराग्राफवर कर्सर ठेवून फॉरमॅट, पॅराग्राफ, बॉर्डर्स असं जाऊन खालची बाजू काढून टाकायची, वर्डमध्ये होम टॅबवरच्या बॉर्डरच्या बटणातून नो बॉर्डर. तिथल्या तिथे लक्षात आलं तर सरळ कंट्रोल झेड. आणि एक गंमत, डॅशऐवजी तीन टिल्डे (~) मारले तर वर्ड नागमोडी रेघ देतो, रायटर ६ पॉइंटची दुहेरी! रायटरच्या बॉर्डरच्या यादीत नागमोडी प्रकारच नाहीये.

बाकी प्रकार मात्र भरपूर आहेत, ठिपके, डॅश, डॅश-ठिपका, दुहेरी, एक जाड एक बारीक, वगैरे. जाडी ०.०५ पॉइंटच्या हेअरलाइनपासून सुरू होते, आणि चारही बाजूंना वेगळी रेघ, वेगळा रंग, वेगळं पॅडिंग (रेघ आणि मजकुरातली मोकळी जागा) देता येतं, ते पण सगळं एकाच टॅबमध्ये. हे मला फार आवडतं. गूगल डॉक्समध्ये साधी, ठिपक्यांची आणि डॅशची एवढंच मिळतं, दुहेरी रेघेची नोटीस काढायची असेल तर तिकडे जाऊच नका. लागोपाठच्या पॅराग्राफना सारखीच चौकट दिली की रायटर त्यांची मिळून एकच चौकट करतो, प्रत्येकाला वेगळी हवी असेल तर त्याच टॅबमधली मर्ज विथ नेक्स्ट पॅराग्राफची टिक काढा.

पेज बॉर्डरमध्ये तर रायटर चक्क जास्त शहाणा वाटतो. वर्डची पेज बॉर्डर मुळात कागदाच्या कडेपासून २४ पॉइंटवर, म्हणजे जेमतेम साडेआठ मिलिमीटरवर बसते, आणि कडेला जास्त जागा सोडणारा प्रिंटर असला की खालची रेघ गायब, मग ऑप्शन्समध्ये जाऊन अंतर टेक्स्टपासून मोजायला सांगा. रायटरमध्ये बॉर्डर मार्जिनवरच येते, हेडर आणि पेज नंबर चौकटीच्या आत राहतात. फक्त ती पेज स्टाइलला, म्हणजे पानाच्या मांडणीच्या साच्याला, चिकटलेली असते, त्यामुळे पहिल्याच पानाला हवी असेल तर त्या पानाला वेगळी स्टाइल द्यावी लागते, नवीन माणूस इथे हमखास अडकतो.

लग्नाचा बायोडाटा करणाऱ्यांनी मात्र वर्डच उघडावं. तिथल्या पेज बॉर्डरमधल्या आर्टच्या यादीत वेलबुट्टी, फुलं, चांदण्या सगळं आहे, रायटरमध्ये तसलं काही नाही, आपणच चित्र शोधून पानामागे टाकत बसायचं.

प्रश्नपत्रिका किंवा फॉर्म करणाऱ्यांसाठी अजून एक सोय. रिकाम्या जागेसाठी अंडरस्कोअर बडवत बसू नका, टॅब स्टॉप (टॅब दाबल्यावर कर्सर जिथे थांबतो ती जागा) लावून फिल कॅरॅक्टर, म्हणजे तिथपर्यंतची जागा भरणारं चिन्ह, द्या, रेघा सगळ्या एकाच ठिकाणी संपतात. वर्डमध्ये त्याला ठिपके, डॅश नाहीतर अंडरस्कोअर एवढेच पर्याय मिळतात, रायटरमध्ये कुठलंही एक चिन्ह चालतं, अगदी चांदणीसुद्धा.