सह्याद्रीच्या पावसात पळायला: वॉटरप्रूफ बूट की जाळीचे?

ट्रेलसाठी, म्हणजे डोंगरवाटांवर पळायला, वेगळे बूट घ्यायचे, एवढं तुमचं ठरलंय असं धरून चालतो. लग (सोलचे दात), ड्रॉप (टाच आणि चवड्याच्या उंचीतला फरक), वजन हे सगळं कंपनीच्या वेबसाइटवर सहसा मिळतं, त्यात शिरत नाही. खरी अडचण दुकानात येते. एकच मॉडेल दोन प्रकारांत समोर ठेवतात: एक वॉटरप्रूफ अस्तराचं, दुसरं साध्या जाळीचं. जून तोंडावर आलेला असला की हात आपसूक पहिल्याकडे जातो. मी दोन्ही वापरलेत, आटकरवाडीतून सिंहगडावर, कात्रज-सिंहगडच्या टेकड्यांवर आणि राजगड-तोरण्याच्या धारेवर.

वॉटरप्रूफची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. डिसेंबरच्या पहाटे दवाने भिजलेल्या गवतातून जाताना पाय कोरडे आणि उबदार राहतात. वेताळ टेकडीवरच्या भुरभुरीतही ते छान निभावतात. शिवाय कुसळं! पावसाळा सरून गवत वाळलं की ती जाळीत घुसतात, मोज्यातून थेट कातडीला टोचतात, आणि चिमट्याने उपटताना टोक नेमकं आत तुटून राहतं. दाट विणीच्या वॉटरप्रूफ बुटात ती सहसा शिरत नाहीत. हिमालयात ताज्या बर्फावर जायचं असेल, तर मीही बिनदिक्कत वॉटरप्रूफच घेईन.

पण घाटमाथ्याचा पाऊस म्हणजे वेगळं प्रकरण. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, लोणावळ्यात ४००० च्या वर. अशा पावसात पाणी कापडातून झिरपायची वाटच बघत नाही. नडगीवरून ओघळतं, मोज्यात मुरतं आणि घोट्याशी बुटात उतरतं. त्यात घोटाभर पाण्याचा ओढा आडवा आला की बूट काठोकाठ भरतो. जे अस्तर बाहेरचं पाणी अडवतं, तेच आतलंही अडवून धरतं. मग पावलागणिक पचपच. चढाला पाणी टाचेशी साचतं, उताराला चवड्याकडे धावतं, आणि त्याच्याबरोबर पायही पुढे सरकतो. थांबा, लेस सोडा, बूट उपडा करा, मोजा पिळा, तोच ओला मोजा ओढून ओढून चढवा, पुन्हा लेस बांधा. पाच मिनिटांत पुढचा ओढा हजर. माझा निर्णय या एका त्रासाने केला. पाणी तसंच ठेवून पळत राहिलं की दोन तासांत तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतते, आणि मग टाचेला फोड यायला वेळ लागत नाही.

हे अस्तर घामाची वाफ बाहेर सोडतं, हे खरं. पण त्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. जुलैत हवाच दमट, त्यात वरचं कापड पाण्याने माखलेलं. वाफ जाणार कुठे?

जाळीचा बूट ओढ्यात तितकाच भिजतो, किंबहुना आधी भिजतो. पण काठावर येऊन थोडं पळालं की बाजूच्या जाळीतून बुडबुडे फुटत पाणी बाहेर पडताना दिसतं. शे-दीडशे पावलांत बूट ओला असतो, पण भरलेला नसतो. घरी इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवला, की दुसऱ्या सकाळी पायात घालण्याजोगा होतो. माझा वॉटरप्रूफ जोड शनिवारी भिजला तर सोमवारीही आतून दमट असायचा, आणि वास वेगळाच.

पकडीत फरक नाही, कारण मॉडेल तेच तर सोलही सहसा तोच. खोल लग चिखलात कामाला येतात, ओल्या कातळावर मात्र रबर किती मऊ आणि किती टेकतं यावर सगळं. ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट घालून गडकिल्ले फिरलेल्यांना हे सांगायला नको. शेवाळलेल्या कातळावर कुठल्याच बुटावर भरवसा ठेवू नये.

माझ्या पायांना घाम जास्त येतो, हे लक्षात घ्या. ज्यांचे पाय लवकर गारठतात, किंवा जे वाटेत ओढा नसलेल्या ठिकाणी तासाभरच पळतात, त्यांना वॉटरप्रूफ आवडेलही. भर पावसात धारेवर तीन-चार तास काढायचे असतील तर मात्र मी जाळीचेच सुचवेन.

ते घेताना फार विरळ जाळी टाळा. बारीक मुरूम आत जातो, आणि कुसळांनाही मोकळं रान मिळतं. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली आहे ना, बघा. सुती मोजे नकोत, पातळ लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. माप संध्याकाळी, तेच मोजे घालून बघा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर तोरण्याच्या उतारावर नखं काळी पडतील.