लिबरऑफिसची डॉक्युमेंट रिकव्हरी: मजकूर परत मिळतो, पण कुठला ते कळत नाही

काम चालू असताना लाईट गेली, की पुढच्या वेळी लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर उघडताच आधी रिकव्हरीची खिडकी समोर येते. अधूनमधून आपोआप प्रत काढून ठेवणारी मागची यंत्रणा चांगली आहे, बहुतेक वेळा मजकूर खरंच परत मिळतो. घोळ या खिडकीतच आहे. समोरचा माणूस घाबरलेला असतो, आणि निर्णय घ्यायला लागणारी माहिती ती त्याला देत नाही.

यादीत दोनच रकाने असतात, फाइलचं नाव आणि स्टेटस. प्रत किती वाजताची, केवढी, याचा पत्ता नाही. नाव न दिलेल्या तीन फाइली उघड्या असतील तर 'अनटायटल्ड 1', '2', '3' एवढंच दिसतं. आत काय आहे ते आधी पाहायची सोय नाही, तरी 'डिस्कार्ड' हे बटण मात्र हाताशी ठेवलंय. ते दाबल्यावर एकदा खात्री करून घेतात आणि मग प्रती कायमच्या जातात.

स्टेटसचे शब्द तर चक्क दिशाभूल करतात. 'सक्सेसफुली रिकव्हर्ड' ठीक आहे. पण 'ओरिजिनल डॉक्युमेंट रिकव्हर्ड' आलं, तर रिकव्हरीची प्रत उघडलेली नाही, तुम्ही शेवटची सेव्ह केलेली फाइल तेवढी समोर आहे. नंतरचं टायपिंग गेलं. वाचताना ही आनंदाची बातमी वाटते, हा माझ्या मते या खिडकीतला सगळ्यात मोठा दोष.

म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी, या प्रती जिथे राहतात त्या बॅकअप फोल्डरची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. विंडोजमध्ये युजरच्या ॲपडेटा फोल्डरात रोमिंग, लिबरऑफिस, 4, युजर, बॅकअप असं आत जायचं. आवृत्ती 7 असो वा 24, त्या फोल्डरचं नाव 4 च राहतं. मग यादीतल्या फाइलींपुढच्या सगळ्या टिक तशाच ठेवून 'रिकव्हर सिलेक्टेड' दाबा. उघडलेली फाइल अजून सेव्ह झालेली नसते, तेव्हा लगेच 'सेव्ह ॲज' करून वेगळं नाव द्या. रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिसच्या मजकूर लिहायच्या भागात, एडिट, ट्रॅक चेंजेस, कंपेअर डॉक्युमेंट इथून जुन्या फाइलशी ताडून पाहिलं की नेमकं काय परत आलं ते ओळीओळीने दिसतं.

प्रत किती जुनी मिळणार हे बंद पडण्याच्या कारणावर असतं. सॉफ्टवेअर क्रॅश झालं तर ते जाता जाता फाइली वाचवायचा प्रयत्न करतं. लाईट गेली तर तेवढीही उसंत मिळत नाही, शेवटची ऑटोरिकव्हरी, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप निघणारी प्रत, झाली असेल तिथपर्यंतचंच हाती लागतं. मूळ सेटिंग 10 मिनिटांचं आहे. टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरल इथे जाऊन ते 2 किंवा 3 करा. मोठ्या कॅल्क (स्प्रेडशीट) फाइलला दर वेळी किंचित अडकल्यासारखं होईल, ते चालवून घ्या. त्याच पानावर मूळ फाइलही आपोआप सेव्ह करायचा पर्याय आहे, तो मात्र विचार करून लावा. चुकून पुसलेला परिच्छेदही मग तसाच फाइलमध्ये लिहिला जातो.

बॅकअप कॉपी ही वेगळी गोष्ट, रिकव्हरीशी तिची गल्लत करू नका. ती म्हणजे शेवटच्या सेव्हच्या आधीची फाइल, डॉट बॅक (.bak) या शेपटीची. एकच पायरी मागे जाता येतं. दोनदा सेव्ह केलं की त्याआधीची गेली. 2024 च्या 24.2 आवृत्तीपासून हा पर्याय नव्याने बसवणाऱ्यांना आपोआप चालू मिळतो. जुन्या आवृत्तीत, आणि जुनी सेटिंग्ज तशीच पुढे आणली असतील तर नव्यातही, टिक आहे ना ते बघा.

बंद करताना 'डोन्ट सेव्ह' दाबलं तर इथे काहीच उरत नाही, कारण व्यवस्थित बंद झालं असं समजून रिकव्हरीची प्रत पुसली जाते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये सेव्ह न करता बंद केलेली शेवटची प्रत ठेवायचा पर्याय आहे, आणि फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट इथून ती शोधता येते. लिबरऑफिसमध्ये हे यायलाच हवं.

कधी कधी खराब फाइल उघडताना पुन्हा क्रॅश होतो, पुन्हा तीच खिडकी येते, आणि हे चक्र थांबत नाही. अशा वेळी बॅकअप फोल्डर बाजूला काढून घ्या आणि कमांड लाइनवरून 'नोरिस्टोअर' हा पर्याय, आधी दोन आडव्या रेघा देऊन (--norestore), लावून लिबरऑफिस चालू करा. खिडकी येत नाही, आणि बाजूला काढलेल्या प्रती एकेक करून उघडता येतात.